सुनेचे पतंग, सासूचे टोमॅटो

कोराचिनोर, नमंगान
२२ एप्रिल १९८५

विहीणबाई मुकर्रम यांना हुरिनिसाचा सलाम.

इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं विचाराल तर माझ्या घरात पतंग झाले आहेत. दिव्यापाशी एखाददुसरा येतो तसे नव्हेत. गव्हाच्या कोठीत पतंग, रजयांच्या घड्यांत पतंग, आमच्या ह्यांच्या टोपीत पतंग. आणि ते बाहेरून आलेले नाहीत. तुमच्या लेकीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, ते स्वतःच्या हातानं पाळले आहेत.

झुलखुमोर शेतकी कॉलेजात शिकलेली, म्हणून तुमच्याकडून सून आणल्यावर मी गल्लीभर मिरवले होते. वाटलं, सामूहिक शेतीच्या कचेरीत पंख्याखाली बसेल, शिक्के मारेल. तिनं निवडली कालव्यापलीकडची किड्यांची प्रयोगशाळा. तिथं बरण्यांत जव भरतात. जवावर पतंग वाढवतात. पतंगांनी अंडी घातली की त्या अंड्यांत डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशा गांधीलमाश्या वाढवतात. आणि त्या माश्या शेतात सोडल्या की म्हणे टोमॅटो पोखरणाऱ्या अळीची अंडी शोधून तिथंच तिचा निर्वंश करतात. मी वोहिदला म्हटलं, बाबा, तुझी बायको किड्यांसाठी किडे पोसते आणि किड्यांवर किडे सोडते, मग माणसांसाठी काय करते? तर माझा लेक हसला. लग्न झाल्यापासून तो फार हसतो.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात थंडी परत फिरली आणि प्रयोगशाळेची भट्टी बिघडली. सूनबाईंनी बरण्या उचलल्या आणि आमच्या पाहुण्यांच्या खोलीत आणून ठेवल्या, कारण घरात तीच उबदार. मला विचारलं होतं, नाही असं नाही. मीही हो म्हटलं, पडद्याआड ठेव म्हटलं. नेमकं दुसऱ्या दिवशी आमच्या मुनोजातला मागणी घालायला माणसं आली. मुलगा पावाच्या कारखान्यातल्या व्यवस्थापकाचा. मी दस्तरखान असा मांडला होता की बघत राहावं. पाच तऱ्हेचा सुकामेवा, समसे, माझ्या हातचा जर्दाळूचा मुरंबा. मुलाची मावशी चहाचा पियाला तोंडाशी नेते, तर त्यात पतंग. तिनं पियाला खाली ठेवला, तर मुरंब्यात पतंग. मग पडदा हलला आणि विहीणबाई, खोलीत जणू पिवळट धूर पसरला. मावशीबाई तोंडावर रुमाल धरून उठल्या. "कळवतो," म्हणाल्या. कळवतो म्हणजे काय ते तुम्हाला-मला ठाऊक आहे.

वर आता सूनबाई सांगतात की यंदा टोमॅटोवर पावडर मारू नका, माझ्या माश्या मरतील. कोराचिनोरमधल्या प्रत्येक लग्नाला माझ्याच वाफ्यातले टोमॅटो जातात. माझ्या वाफ्यात मुंगी फिरकत नाही, अशी माझी ख्याती आहे. ती मी दिसत नसलेल्या माश्यांच्या हवाली करू?

तुम्ही तिच्या आई. दोन शब्द तुम्ही लिहा. शाळेत शिक्षिकेची जागा रिकामी आहे.

तुमची,
हुरिनिसा

०

कत्ताकुर्गान
४ मे १९८५

विहीणबाई हुरिनिसा यांना मुकर्रमचा सलाम.

तुमचं पत्र वाचून मला हसू आलं, हे आधी कबूल करते, म्हणजे नंतर कुणी चुगली करायला नको. बालवाडीच्या स्वयंपाकघरात बसून वाचत होते. खीर लागली तळाला, आणि पोरांना जळकी खीर मिळाली ती तुमच्या पतंगांपायी.

मुलीकडच्यांनी मान खाली घालून ऐकावं, अशी आपल्याकडची पद्धत. मीही ऐकलं. आता थोडं तुम्ही ऐका. ही पोर पहिलीत होती तेव्हा तिच्या दप्तरात आगपेटी सापडली. मी म्हटलं, आत्तापासून विड्या? उघडली तर आत सुरवंट, आणि त्याला शेजारच्या तुतीची पानं नीट कापून दिलेली. लग्नाआधी हे तुम्हाला सांगायला हवं होतं म्हणाल. पण मुलगी दाखवताना तिचे सुरवंट कोण दाखवतं? तुम्ही तरी वोहिद झोपेत घोरतो हे कुठं सांगितलं होतं?

मी तिला कडक पत्र लिहिलं आहे. सासूच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस, पाहुण्यांच्या खोलीत पाहुणेच बसव, असं सगळं लिहिलं. पण नोकरी सोड असं नाही लिहिलं. शाळेत ती शिकवेल आणि तिच्या प्रत्येक पोराच्या दप्तरात आगपेटी निघेल. ते तुम्हाला परवडणार नाही.

माझं ऐकाल तर तिला तुमच्या जमिनीतला एक तुकडा द्या. लहानसा. तिथं ती आणि तिच्या माश्या काय घालायचे ते गोंधळ घालोत. फसली तर तुमचं बोलणं खरं ठरेल, आणि सुनेसमोर खरं ठरण्यात काय गोडी असते ते मी माझ्या सासूच्या तोंडावर पाहिलेलं आहे. मला स्वतःला विचाराल तर किड्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास आहे.

मुनोजातचं मनावर घेऊ नका. पियाल्यात पतंग पडला म्हणून जे उठून जातात, ते पुढं मुलगी आजारी पडली तर काय करतील?

तुमची,
मुकर्रम

०

कोराचिनोर
९ जून १९८५

विहीणबाईंना सलाम.

किड्यांवर तुमचा पहिल्यापासून विश्वास, हे वाचून आमचे हे म्हणाले की लग्नात तांदळात एक सोंडा निघाला तेव्हा तुम्ही चटईवरून उडी मारली होती. मी त्यांना गप्प केलं. तरी तुम्हाला कळवून ठेवते.

तुकडा दिला. भिंतीकडेचा, जिथं मीठ फुटतं आणि दुपारी अक्रोडाची सावली पडते तो. मी काही वेडी नाही. सूनबाईंनी तक्रार केली नाही. कडेनं मका लावला. म्हटलं, टोमॅटोच्या जागेत मका कशाला? तर म्हणे अळीच्या पतंगाला मक्याचे तुरे जास्त आवडतात, तो तिकडं जाईल. म्हणजे शत्रूला आधी जेवायला वाढायचं. मग पानांखाली कागदाच्या चिंधोट्या टाचल्या. त्यावर खसखशीसारखे काळे ठिपके चिकटवलेले. त्यातून माश्या निघतात. मी चष्मा लावून पाहिलं, आमच्या ह्यांचा चष्मा वर लावून पाहिलं, मला काही दिसलं नाही. मी सगळ्या गल्लीला सांगितलं की माझी सून टोमॅटोला ताईत बांधते. तेव्हापासून बायका मुद्दाम भिंतीवरून डोकावतात आणि विचारतात, नजर उतरली का?

रोज सकाळी ती पानं उलटून बघत बसते. एखादी अळी दिसली तर हातानं काढते आणि कोंबड्यांना घालते. पण सगळ्या काढत नाही. मी विचारलं, ही का सोडलीस? म्हणाली, ही आधीच आजारी आहे, दुसऱ्या जातीच्या माशीनं हिच्यात अंडी घातलीत, हिच्यात पाहुणे आहेत. आमच्या घरात पाहुणे या शब्दाला आता काही अर्थच उरला नाही.

माझ्या वाफ्यांवर मी नेहमीसारखी पावडर मारली. कापसाच्या गोदामातून येते ती, पाण्यात कालवून केरसुणीनं शिंपडायची, बारा वर्षं तेच करते आहे. यंदा ती जरा बोथट निघाली. अळ्या आहेत. फार नाहीत. म्हणजे आहेत. परवा उन्हात काम केल्यामुळं मला थोडी चक्कर आली, पण ते वयाचं. काळजी करू नका.

पावाच्या कारखान्यातून अजून निरोप नाही.

हुरिनिसा

०

कत्ताकुर्गान
२८ जून १९८५

विहीणबाई,

सलाम नंतर. आधी भांडण.

उन्हामुळं चक्कर आली म्हणता. जावईबापूंचं पत्र तुमच्या पत्राच्या पाठोपाठच आलं. ते लिहितात की तुम्ही सरीत आडव्या पडला होतात, तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. झुलखुमोरनं तुम्हाला तिथून ओढून सावलीत आणलं, अंगावरचे कपडे काढले आणि दवाखान्याची गाडी येईतो साबण लावून धूत राहिली. हे ऊन कुठल्या दुकानात मिळतं? आमच्याकडं तर असलं ऊन पडत नाही.

आपण दोघी एकमेकींना टोमणे मारतो, ते दोन्ही बाजूंना माणूस आहे म्हणून. तुम्ही नसलात तर मी काय जावईबापूंना टोमणे मारू? ते तर नुसते हसतात. तो डबा फेका. विहिरीपासून लांब, आणि झुलखुमोरला विचारून फेका, कुठं पुरायचा ते तिला ठाऊक असेल. तुमच्या टोमॅटोंची ख्याती मोठी असेल, पण त्यासाठी मरायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

आता दुसरं, आणि हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या. माझ्या परसात कोबी आहे. होता म्हणायला हवं. पानं अशी झालीत की त्यातून पीठ चाळता येईल. मी औषध मारते, अळ्या जाड होतात. तुमच्या पत्रात ताईत वाचले तेव्हापासून मनात येतंय की नमंगानची बस समरकंदपर्यंत येते, चालक आमच्या शेजारणीचा भाऊ आहे. थोड्या चिंधोट्या पाठवाल? पण लेकीला सांगू नका. तिला मी पंधरा वर्षं त्या आगपेटीवरून चिडवत आले. आता तिच्याकडंच किडे मागायचे, म्हणजे माझी सगळी पत जायची.

आणि एक वाईट बातमी, तुम्हाला कळली असेलच. झुलखुमोरनं चार ओळी लिहिल्या आहेत, त्यातल्या दोन तुमच्या तब्येतीच्या. त्यांची प्रयोगशाळा बंद होणार. सामूहिक शेतीच्या अध्यक्षांना त्या खोल्या जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांच्या मुक्कामासाठी हव्या होत्याच, त्यांना निमित्त मिळालं. गावातल्याच कुणा बाईनं त्यांच्यापुढं जाऊन तक्रार केली म्हणे, की या किड्यांनी लोकांची घरं नासवली. कोण आहे ती भवानी? शोधून काढा. अशा बाईच्या कोठीत सोंडे पडोत, रजयांना कसर लागो आणि तिच्या पलावात प्रत्येक घासाला खडा निघो. पोरीनं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी स्वतः बस पकडून आले असते.

तुमची,
मुकर्रम

०

कोराचिनोर
१० जुलै १९८५

विहीणबाईंना सलाम.

त्या बाईला आणखी शिव्या देऊ नका. ती बाई मी आहे.

सोंडे माझ्या कोठीत आहेतच, खडाही परवा निघाला. तेव्हा तुमचं बोलणं फळलं. आता पुढचं ऐका, आणि ऐकून झाल्यावर हवं तर बस पकडा.

मावशीबाई उठून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्ष ताजिमुरोद यांच्या कचेरीत गेले. डोक्यात राख घातलेली होती. म्हटलं, माझ्या सुनेला तिथून काढा, त्या किड्यांनी माझ्या पोरीची सोयरीक मोडली, उद्या सगळ्या गावाची मोडतील. त्यांनी मला चहा दिला. अध्यक्षांनी मला चहा द्यावा हे कधी झालं नव्हतं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मला वाटलं, तिला दुसरी नोकरी देतील. त्यांनी सगळी जागाच बंद करायला काढली. तिथं आणखी चार पोरी काम करतात.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

मग काय झालं ते सांगते. पावाच्या कारखान्यातून शेवटी निरोप आला, त्यांनी दुसरी मुलगी ठरवली. जेवताना मी सूनबाईंना बोलायला सुरुवात केली. ती खाली मान घालून पाव तोडत होती. तेवढ्यात मुनोजात ताट सारून म्हणाली, "बरण्यांवरचं फडकं मी सोडलं होतं, आई. वहिनीला बोलू नका." मावशीबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं म्हणे, आमच्या घरात सुना कॉलेजात जात नाहीत. आणि या पोरीला शिकायचं आहे, शेतकीचंच. मी चहा ओतायला वळले तेव्हा ती पडद्यामागं गेली आणि दोरी सोडून आली. झुलखुमोरनं ते पाहिलं होतं. एप्रिलपासून आजवर तिनं माझी बोलणी खाल्ली आणि नणंदेचं नाव घेतलं नाही. आमच्या ह्यांनी तेवढ्यात विचारलं की पलाव अजून आहे का. त्या घटकेला कुणीतरी असं काही विचारावं, याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

टोमॅटोचं राहिलं. डबा गेला, सूनबाईंनीच नेऊन कुठंतरी पुरला. पावडरीविना मला माझे वाफे उघडे पडल्यासारखे वाटायला लागले. शेवटी एका पहाटे, सगळे उठायच्या आत, मी भिंतीकडच्या तुकड्यात गेले आणि तिचे थोडे ताईत काढून रुमालात घेतले. चोरीच म्हणा. माझ्या वाफ्यात येऊन पान उलटलं, टाचणार, तर तिथं आधीच एक होता. पुढच्या झाडावरही. पावसानं पावडर धुऊन गेल्यापासून ती माझ्या ओळींत ताईत लावत होती आणि बोलत नव्हती. मी चोरलेले परत जागच्या जागी टाचले. एक उलटा लागला. तो तिनं सकाळी सरळ केला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तुमच्यासाठी थोडे मागून घेतले आहेत, शेजारणीसाठी हवेत असं सांगून. बसचालकाजवळ देते. उन्हात ठेवू नका, लवकर लावा, नाहीतर माश्या वाटेतच निघायच्या आणि बुखाऱ्याला जायच्या.

महिनाअखेरीला सभा आहे. जिल्ह्याचा माणूस येणार, प्रयोगशाळेचा निकाल त्या दिवशी. मी काय करू? गेले तर सगळ्या गावापुढं नाक कापून घ्यायचं. नाही गेले तर या पोरीच्या तोंडाकडं मी कसं बघू?

हुरिनिसा

०

तार
कत्ताकुर्गान, १६ जुलै

शिव्या परत घेतल्या. खड्याची राहू दे. सभेला जा. उभ्या राहा. नाक उगवतं. थोडं बोला. थोडं म्हणजे खरंच थोडं. मुकर्रम.

०

कोराचिनोर
५ ऑगस्ट १९८५

विहीणबाई मुकर्रम यांना हुरिनिसाचा सलाम.

तार वाहून आणणाऱ्यानं ती आधी सगळ्या गल्लीला वाचून दाखवली आणि मग मला दिली. तेव्हा सभेला जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. सगळे विचारत होते, खडा कसला?

थोडं बोलायचं ठरवून गेले होते. सोबत टोपलीभर टोमॅटो नेले, माझ्या वाफ्यातले आणि भिंतीकडचे एकत्र करून. जिल्ह्याचा माणूस तरुण होता, त्याला घाम येत होता. अध्यक्षांनी कापसाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मग प्रयोगशाळेवर आले. म्हणाले, लोकांचा विरोध आहे, खुद्द त्या मुलीच्या सासूबाईंनी येऊन सांगितलं. आणि माझ्याकडं हात केला. सगळ्या सभागृहानं माना वळवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, तक्रार माझीच होती, ती न्यायला आले आहे. अध्यक्ष म्हणाले की तक्रार म्हणजे काय शेजारणीला दिलेली कढई आहे, हवी तेव्हा परत न्यायला? मी म्हटलं, बरं, राहू द्या ती. मग तिच्याशेजारी दुसरीही ठेवा. तुमच्या गोदामातली पावडर मारून मी जूनमध्ये मरता मरता वाचले, आणि जिनं वाचवलं तिच्याच खोल्या तुम्ही काढून घेताय. हे बोलले आणि मला एकदम रडू आलं, विहीणबाई. ते काही ठरवलेलं नव्हतं. बसायच्या आत टोपली पुढं केली. म्हटलं, हे बिनपावडरीचे. यात एक जरी अळी निघाली तरी मी गप्प घरी जाईन.

तुम्ही थोडं बोला म्हणाला होतात ते याचसाठी.

जिल्ह्याच्या माणसानं चाकू मागवला. एक कापला, लालभडक, स्वच्छ. दुसरा कापला. अध्यक्षांनी टोपलीत खालपर्यंत हात घातला आणि एक स्वतः निवडला. तो कापला आणि आत अळी. गुबगुबीत. ती बाहेर आली आणि टेबलावरच्या कागदांवर चालू लागली. सभागृह असं हसलं की बाहेरची कुत्री भुंकली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तेव्हा झुलखुमोर उठली. आजवर मी तिचा आवाज चार माणसांत ऐकला नव्हता. ती म्हणाली की एवढ्या टोपलीत एक अळी निघाली, हे चांगलंच झालं. एकही निघाली नसती तर मला काळजी वाटली असती. सगळ्या अळ्या मेल्या तर माझ्या माश्या कशावर जगतील, आणि पुढच्या महिन्यात पतंग पुन्हा आले की त्यांना कोण अडवेल? आम्ही अळी संपवायला निघालो नाही, तिला टोपलीत एकीवर आणायला निघालो आहोत. मग तिनं बायकांकडं बघून विचारलं, गेल्या वर्षी पावडर मारून किती निघायच्या? शेवटी मागून आमच्या गल्लीतली म्हातारी हमरोखोन म्हणाली, "गेल्या वर्षी मी अर्धी टोपली म्हशीला घातली. म्हशीनं पण निवडून खाल्ली." यावरही लोक हसले, पण आता हसण्याचं तोंड दुसरीकडं होतं. जिल्ह्याच्या माणसानं तो अळीवाला टोमॅटो उचलला, किडका भाग काढला आणि उरलेला मीठ लावून खाल्ला. म्हणाला, समरकंद सोडल्यापासून असा खाल्ला नव्हता.

निकाल असा लागला की प्रयोगशाळा राहील, पण एक खोली साहेबांच्या मुक्कामाला द्यायची. मधली भिंत पातळ आहे. पहिल्याच साहेबांच्या टोपीत सकाळी पतंग निघाले असं ऐकते. बरणीची दोरी कुणी सोडली ते मी विचारलं नाही. मुनोजात रोज तिथं मदतीला जाते. सप्टेंबरात तिची कॉलेजची प्रवेशपरीक्षा आहे, आणि पास झाली तर जाऊ द्यायचं असं मी आमच्या ह्यांच्या तोंडून वदवून घेतलं.

सभेनंतर मी आणि सूनबाई कालव्याच्या कडेनं घरी आलो. रिकामी टोपली तिच्या हातात होती. मग मीच विचारलं, तक्रार मी केली हे तुला कधी कळलं? म्हणाली, त्याच दिवशी. अध्यक्षांनी तिला बोलावून तोंडावर सांगितलं होतं. एप्रिलमध्ये, विहीणबाई. म्हणजे मी सरीत पडले आणि ती मला धूत होती तेव्हाही तिला ठाऊक होतं. माझ्या पानांखाली ताईत टाचत होती तेव्हाही.

मी म्हटलं, "मग तुला राग नाही आला?"

म्हणाली, "आला ना. खूप आला. अजूनही थोडा आहे."

"मग माझ्या वाफ्यात कशाला लावत होतीस?"

तिनं टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "राग तुमच्यावर होता, आई. टोमॅटोंवर नव्हता."

दारापाशी आलो तेव्हा मी तिच्याकडून टोपली घेतली, म्हटलं तू चहा टाकू नकोस, आज मी टाकते. ती पायरीवर बसून राहिली. मी चहा टाकला, तिच्या पियाल्यात साखर जास्त घातली, आणि तिनं तो सगळा प्याला.

कोबीचं काय झालं ते कळवा. त्या शेजारणीला कसं काय, असं झुलखुमोर मला रोज विचारते, आणि विचारताना तिचे ओठ दाबलेले असतात. मला वाटतं तिला शेजारीण कोण ते समजलं आहे.

तुमची,
हुरिनिसा